एका सुनेचं लिखाण

चष्मेवाल्यांना जे दिसतं त्यावर चटकन विश्वास ठेवायची सवय नव्हती. गिऱ्हाईक 'आता स्पष्ट दिसतंय' म्हणालं तरी ते काच काढत, थोडं थांबून तीच काच पुन्हा घालत आणि विचारत, "आणि आता?" एखादं गिऱ्हाईक भिडेखातर 'आता जास्तच छान' म्हणालं की चष्मेवाल्यांना मनातून समाधान वाटे. म्हणजे हाही माणूस खोटं बोलतो तर. साठी उलटली होती, दुकान वडिलांच्या वेळचं होतं, आणि दुकानातल्या झाडून सगळ्या ड्रॉवरच्या किल्ल्या त्यांच्या खिशात असत.

एका दुपारी शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या एक बाई चाळिशी करायला आल्या. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम बसवली, काचा घातल्या आणि वाचायचा तक्ता पुढे केला.

"अहो, हा तक्ता मला पाठ झालाय," बाई म्हणाल्या. "गेल्या वेळी पण हाच होता. माझं पुस्तकच वाचून बघते की."

त्यांनी पर्समधून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं, मध्येच उघडलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'आमच्या घरात अंघोळीच्या साबणावर नखानं खूण केलेली असते. कालच्या खुणेच्या मानानं वडी जास्त झिजली की जेवताना विषय निघतो. विषय काढणारा कुणाकडे बघत नाही. ताटाकडे बघत म्हणतो, हल्लीचे साबण फार लवकर विरघळतात, नाही का?'" बाई फसकन हसल्या. "कसला माणूस आहे बघा!"

चष्मेवाल्यांच्या चिमटीतली काच तशीच अधांतरी राहिली. नवीन लग्न झालं होतं तेव्हा साबणाच्या वडीवर नखानं खूण तेच करत असत. हल्लीचे साबण फार लवकर विरघळतात, हे वाक्यही त्यांचंच होतं, शब्दाला शब्द.

"कुणाचं पुस्तक?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"नावच नाहीये. 'एक सून', एवढंच छापलंय. पूर्वी कुठल्याशा साप्ताहिकात यायचं म्हणे, आता पुस्तक काढलंय त्याचं. आमच्या वर्गात सगळ्याजणी वाचताहेत. हा साबणवाला एकदा भेटायला हवा हो मला!"

"खाली बघा," चष्मेवाले म्हणाले. "खालची ओळ दिसते का?"

बाई गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याकडून ते पुस्तक आणलं. 'आतल्या खोलीतून' असं नाव होतं. काउंटरच्या मागे, स्टुलावर बसून, गिऱ्हाईक आलं की वर फ्रेमांचा कॅटलॉग ठेवत त्यांनी ते दोन दिवसांत संपवलं.

सगळं त्यांचंच घर होतं. कपाटाच्या किल्ल्या उशीखाली घेऊन झोपणारी, आणि त्यामुळे मान कायम अवघडलेली सासू, म्हणजे त्यांची आता हयात नसलेली आई. रस्त्याकडची खिडकी खिळे ठोकून बंद करणारा नवरा, म्हणजे ते स्वतः. समोरच्या गच्चीवरून कुणी बघतं असा त्यांना तेव्हा संशय होता. गच्चीवर पाण्याची टाकी सोडून कुणी नसतं, असं पुस्तकातल्या सुनेचं म्हणणं. एक नणंदही होती: 'नणंद माहेरी येते तेव्हा आधी नजरेनं घराचं वजन करते आणि मग हातातली पिशवी खाली ठेवते.' हे वाचून मात्र चष्मेवाल्यांना हसू आलं, कारण त्यांची अक्का अगदी तशीच यायची.

एकच प्रकरण असं होतं की ते त्यांनी पुन्हा काढून वाचलं. सुनेला ताप भरलेला असतो. नवरा दुकान बंद करून येतो, तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवतो आणि दुपारभर तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. छोट्या जाहिरातीसुद्धा, आवाज बदलून बदलून. ती तापातही हसते. चष्मेवाल्यांना ती दुपार आठवली. ओल्या फडक्याचा वास आठवला. निदान एवढं तरी खरं लिहिलंय, त्यांना वाटलं.

पण लिहिलं कुणी?

पहिला संशय अर्थातच बायकोवर. पण ती साधा चार ओळींचा निरोप लिहायचा झाला तरी 'तुम्हीच लिहा' म्हणायची. ही बाई पुस्तक लिहील? तरी खात्री करून घ्यायला हवी होती. संध्याकाळी त्यांनी पुस्तक जेवणाच्या टेबलावर मुद्दाम पालथं ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दाराच्या फटीतून बघत राहिले. ती आली, टेबल पुसायला लागली. पुस्तक उचललं, त्याखालचं पुसलं, पुस्तक पुन्हा होतं तसंच पालथं ठेवलं आणि गेली. चष्मेवाल्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या घरात आयुष्यात कधी कुणी गोष्टीचं पुस्तक आणलेलं नाही. आज ते टेबलावर दिसतं, आणि ही 'हे काय' म्हणून विचारतसुद्धा नाही?

"वाचलंस का ते?" जेवताना त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाचलंत?"

"चाळलं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली. टेबलावर पाण्याचा तांब्या भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान अर्धा वेळ बंद ठेवलं आणि अक्काकडे गेले. अक्का त्यांच्याहून मोठी, एका कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झालेली. बोलताना अजून समोरच्याला उभंच ठेवायची.

"ये. तुझीच वाट बघत होते," ती म्हणाली, आणि दाराजवळचं चपलांचं कपाट उघडून तिनं खालच्या खणातून तेच पुस्तक काढलं. "सुनांच्या हाती लागू नये म्हणून इथं ठेवलंय. घराचं वजन करते म्हणे! मी?"

"कुणी लिहिलं असेल?"

"हे तू मला विचारतोस? घरात जा आणि बायकोला विचार."

"ती लिहीत नाही गं. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"तूही यायचीस. सगळं बघायचीस. स्वतःवर कुणाचा संशय येऊ नये म्हणून माणूस स्वतःबद्दलही दोन वाकडे शब्द लिहू शकतो."

"तुझं डोकं तपासून घे," अक्का म्हणाली. "आणि चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता त्या प्रकाशकाकडे जाऊ. आपल्या आईला किल्ल्यांवर झोपवलंय आणि लोक हसताहेत. हे बंद झालं पाहिजे."

प्रकाशकाचं कार्यालय एका छापखान्याच्या वर होतं. जिना चढताना पायाखाली यंत्रांची थरथर लागत होती. वर एकच लांबट खोली, भिंतीला लावलेले पुस्तकांचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांमधून वाट काढत पुढे आलेली, पस्तिशीची, केस वर बांधलेली बाई. तीच प्रकाशक. खिडकीशी एक खूप म्हाताऱ्या बाई कागदावर नाक टेकवल्यासारख्या वाकून मुद्रितं तपासत होत्या. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, हे चष्मेवाल्यांना दारातूनच कळलं.

अक्कानं आवाज चढवला. आमच्या घराची बदनामी, आमची परवानगी, आमचा वकील. प्रकाशकबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन खुर्च्यांवरचे गठ्ठे उचलून त्यांना बसायला जागा केली.

"पुस्तकात कुणाचंही नाव नाही," त्या म्हणाल्या. "गावाचंही नाही. हे तुमचंच घर, असं तुम्ही म्हणताय. आम्ही म्हटलेलं नाही."

अक्का खुर्चीत टेकली. चष्मेवाल्यांच्या ध्यानात आलं की आत्ता या क्षणापर्यंत जगात कुणालाही पत्ता नव्हता, तो त्यांनी स्वतः जिना चढून येऊन दिला होता.

"पण हे छापायचा हक्क तुम्हाला दिला कुणी?" त्यांनी विचारलं.

"हा प्रश्न बरोबर आहे," प्रकाशकबाई म्हणाल्या. "लेखकानं नाव दिलं नसेल, तर ज्यानं पहिल्यांदा छापलं तोच कायद्यानं मालक धरला जातो. म्हणजे ते साप्ताहिक. ते बंद पडलं तेव्हा त्यांचं सगळं जुनं लिखाण आम्ही रीतसर घेतलं. शिवाय आम्ही वर्तमानपत्रात जाहीरही केलं होतं, की ही 'एक सून' कोण हे कुणाला माहीत असेल तर कळवा. कुणी आलं नाही. उद्या खरा लेखक, किंवा तो नसेल तर त्याचे वारस, पुराव्यानिशी उभे राहिले की आमची मालकी संपली. मग ते म्हणतील ते. थांबवा म्हटलं तर थांबवू."

"म्हणजे हे फक्त लिहिणाराच थांबवू शकतो?"

"हो. आणि त्यासाठी त्याला पुढे येऊन सांगावं लागेल, की मी लिहिलं."

चष्मेवाल्यांना हा सापळाच वाटला. तेवढ्यात खिडकीतल्या म्हाताऱ्या बाईंनी मान वर केली.

"मजकूर द्यायला एक गृहस्थ यायचे," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा साप्ताहिकात होते. मजकूर माझ्याच हातात द्यायचे."

"कसे होते दिसायला?" अक्कानं विचारलं.

"उंच, जरा वाकलेले. वयस्कर. दुसरं काही सांगता यायचं नाही, पण चष्मा मात्र विसरणार नाही. एक काडी मोडलेली, दोऱ्यानं बांधलेली. मी एकदा म्हटलं, अहो, चष्मेवाल्याकडून नीट करून घ्या की. तर इतके हसले, इतके हसले, की बाकीचे लोक बघायला लागले."

अक्का आणि चष्मेवाले, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भर बाजारात चष्म्याचं दुकान असून आयुष्यभर दोऱ्यानं बांधलेला चष्मा वापरणारा एकच माणूस त्यांना माहीत होता.

"बाबा," अक्का हळूच म्हणाली.

"मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही लिहिता का म्हणून," म्हाताऱ्या बाई सांगत होत्या. "नाही म्हणाले. माझ्या सुनेचं लिखाण आहे, मी नुसता पोचवतो. तिला नाव नको आहे."

चष्मेवाले ताडकन उठले. जिना उतरताना अक्का मागून काहीतरी सांगत होती, पण खालच्या यंत्रांच्या आवाजात ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं: चार ओळींचा निरोप लिहायला जी लाजत होती, तिनं इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. आणि बाबा तिला सामील!

घरी ती इस्त्री करत होती. चष्मेवाल्यांनी पुस्तक इस्त्रीच्या टेबलावर, शर्टाच्या कॉलरशेजारी ठेवलं.

"बाबा पोचवायचे. तू लिहायचीस. आता नाही म्हणू नकोस."

तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही दिसेना, आणि त्यामुळे चष्मेवाल्यांना उगाचच जास्त संशय यायला लागला.

"मी नाही लिहिलं," ती म्हणाली. "मी सांगितलं. लिहिलं बाबांनी."

"म्हणजे?"

"दुपारी आई झोपायच्या, तुम्ही दुकानात. मी इथंच इस्त्री करायची आणि बाबा तिथं त्या खुर्चीत कपड्यांच्या घड्या घालायचे. दुकान तुमच्या ताब्यात दिल्यावर त्यांना दुसरं कामच नव्हतं. विचारायचे, आज काय झालं गं? माझ्याशी या घरात दुसरं कुणी बोलत नव्हतं. मी सांगायची. हसून हसून सांगायची कधी, कधी रडून. मला काय ठाऊक ते लिहून ठेवतात म्हणून."

"कळलं कसं मग?"

"आईंनीच सांगितलं की! त्या साप्ताहिक मोठ्यानं वाचायच्या, आठवतं? एकदा मी भाजी चिरत होते आणि त्या वाचताहेत, सासू किल्ल्या उशीखाली घेऊन झोपते आणि सकाळी मान अवघडली म्हणून सुनेवर चिडते. वाचून झालं आणि म्हणाल्या, काय बाई ही सासू, माणूस आहे की कुलूप? माझ्या हातातली सुरी खाली पडली. बाबांकडे बघितलं तर ते चष्मा पुसताहेत. केवढा वेळ चष्मा पुसत होते!"

चष्मेवाले खुर्चीत बसले. बाबांचीच खुर्ची होती ती.

"तुला राग नाही आला?"

"आला ना. मी त्यांना सांगितलं होतं, गावाला नव्हतं सांगितलं. बोलणंच बंद केलं त्यांच्याशी. तेव्हा एकदा म्हणाले, तुला नको असेल तर थांबवतो. मी काहीच उत्तर दिलं नाही. आणि त्याच आठवड्यात आईंनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, तूच ठेव बाई, मला विसरायला होतं." तिनं टेबलावरच्या शर्टाची घडी घातली. "मग मी पुन्हा बोलायला लागले. पण आता ठरवून सांगायची. खिडकीचं मी मुद्दाम सांगितलं."

चष्मेवाल्यांना लख्ख आठवलं. आई एका सकाळी पक्कड घेऊनच त्यांच्यापुढे उभी राहिली होती. काढ ते खिळे, लोक तुझ्यावर कथा लिहितील अशानं. त्यांनी खिळे काढले होते, आणि हे आईला एकदम कुठून सुचलं याचा त्यांना कितीतरी दिवस संशय होता. त्या वेळी त्यांनी समोरच्या बिऱ्हाडावर ठपका ठेवला होता.

म्हणजे त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच घरात, त्यांच्याच वडिलांनी आणि बायकोनं मिळून त्यांना सरळ केलं होतं. राग यायला हवा होता. तो येईना. आधार शोधावा तसे ते म्हणाले, "पण तापाचं तरी तू चांगलं सांगितलंस. ती वर्तमानपत्राची दुपार."

ती त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघायला लागली.

"ते मी नाही सांगितलं."

"मग?"

"तसं काही झालंच नाही. मला ताप आला होता, खरंय. तुम्ही दुकानातून नेहमीच्या वेळी आलात आणि डॉक्टरांची चिठ्ठी आधी नीट वाचून घेतलीत, औषधं जास्त लिहिली नाहीत ना म्हणून. घड्या बाबांनी ठेवल्या. वर्तमानपत्रही बाबांनीच वाचलं. लिहिताना त्यांनी तिथं तुम्हाला बसवलं."

"पण मला आठवतंय!"

"तुम्ही वाचलंय, म्हणून आठवतंय."

चष्मेवाल्यांनी जगातल्या यच्चयावत माणसांवर संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या आठवणीवर कधी घेतला नव्हता. त्यांनी पुन्हा तो ओल्या फडक्याचा वास आठवून पाहिला. अजून येत होता. पण खोलीच्या दारातून आल्यासारखा, लांबून.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. तिनं तोवर ओळखीच्या वकिलाला गाठलं होतं. "नीट ऐक," ती म्हणाली. "सांगणाऱ्याला कायदा विचारत नाही. ज्यानं शब्द लिहिले, लिखाण त्याचं. बाबांनी लिहिलं असेल, तर बाबांनंतर ते तुझं आणि माझं. सुनेचा त्यात काही संबंध नाही. उद्या जाऊन एवढंच सांग, की वडिलांनी लिहिलं. पुढचं मी बघते."

चष्मेवाल्यांनी फोन ठेवला. बायकोच्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारी, सगळं रडणं आणि हसणं, कायद्यानं आता त्यांच्या मालकीचं होतं. ते म्हणतील तर छापायचं, नाही तर नाही. नव्यानं लग्न झालेल्या त्या साबणवाल्याला हे कळलं असतं तर तो किती खूश झाला असता, असं त्यांना वाटून गेलं आणि अंगावर काटा आला.

"तुला काय हवंय?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

तिला प्रश्न कळला नसावा. "चहा टाकलाय," ती म्हणाली.

"पुस्तकाचं विचारतोय. छापू दे की थांबवायचं?"

तिनं आधणात साखर घातली. "तेव्हा बाबांनी मला आधी विचारलं नाही," ती म्हणाली. "आता त्या प्रकाशकबाईंनीही विचारलं नाही, त्यांना मी माहीतच नव्हते, त्यांचा दोष नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. उद्या मला घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी दोघं त्या लांबट खोलीत बसली. अक्का आधीच येऊन बसली होती. म्हाताऱ्या बाईंनी आपली जागा सोडून खुर्ची जवळ ओढली होती आणि त्या चष्मेवाल्यांच्या बायकोकडे टक लावून बघत होत्या.

प्रकाशकबाईंनी थेट चष्मेवाल्यांना विचारलं, "तुमचे वडील म्हणायचे, हे सुनेचं लिखाण आहे. ते खरं आहे?"

अक्कानं घसा साफ केला. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"खरं आहे," ते म्हणाले. "हिचंच आहे. हिनंच लिहिलं."

"अरे!" अक्का ओरडली.

पण सगळ्यात जास्त चमकली ती त्यांची बायको. तिनं मान वळवून नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेत उपकाराचा लवलेश नव्हता. आता यात यांचा काय डाव, एवढंच तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ती ही नजर त्यांच्याकडूनच शिकली होती, आणि ती आपल्यावर रोखली गेली की कसं वाटतं हे चष्मेवाल्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"हे खोटं बोलताहेत," ती प्रकाशकबाईंना म्हणाली. "मी सांगितलं, आणि माझ्या सासऱ्यांनी लिहिलं. गोष्टी माझ्या आहेत, शब्द त्यांचे. काही माझेही असतील, आता वेगळे काढता यायचे नाहीत. तापाचं प्रकरण मात्र पूर्ण त्यांचं. कायदा काय म्हणतो मला माहीत नाही. छापायचं असेल तर दोघांची नावं घाला. नाही तर आहे तसं, बिननावाचं राहू द्या. पण एकटीचं माझं घालू नका, आणि एकट्याचं त्यांचंही नको."

खालचं यंत्र थांबून पुन्हा सुरू झालं.

"दोघांचं मिळून लिखाण, असं मांडता येईल," प्रकाशकबाई विचार करत म्हणाल्या. "मग निम्मा हक्क तुमचा. त्यांचा निम्मा या दोघा भावंडांचा. तिघांची संमती लागेल."

"माझी आहे," चष्मेवाले म्हणाले.

"माझी नाही," अक्का म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

बस थांब्यावर दोघंच होती. बायकोनं विचारलं, "खोटं का बोललात?"

"बाबांनी तुझं म्हणून नेऊन दिलं होतं. ते परत घेणारा मी कोण?"

"खरं कारण सांगा."

"हेच आहे."

"बघू," ती म्हणाली. बस आली तेव्हा तिनं खिडकीची जागा घेतली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता हे चष्मेवाल्यांना दिसत होतं, आणि तो बसवायला आपल्याकडे दुसरं काहीच नाही हेही.

अक्का पुष्कळ दिवस अडून बसली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्यामुळे रखडली. मग एक दिवस ती स्वतःच दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ते वजन करण्याचं वाक्य बाबांचंच आहे. मी कॉलेजातून यायची तेव्हा तोंडावर म्हणायचे, ही आली बघा वजनाचा काटा घेऊन. मी विसरले होते." तिनं डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, "पण वाक्य काढायचं नाही. काढलं तर संमती देणार नाही." चष्मेवाल्यांनी, काहीतरी करायला हवं म्हणून, तिचे डोळे तपासले.

दुसरी आवृत्ती दोन नावांनी निघाली. तापाचं प्रकरण काढायचं का, असं प्रकाशकबाईंनी बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, राहू द्या.

आता दर बुधवारी दुपारी ती त्या म्हाताऱ्या बाईंकडे जाते. बाईंना नवा चष्मा चष्मेवाल्यांनीच करून दिला. त्याचं निमित्त होऊन दोघींची गट्टी जमली. परत येते तेव्हा चेहरा उजळलेला असतो, कधी एकटीच हसते.

"काय बोलता गं दोघी इतका वेळ?" एकदा त्यांनी विचारलं.

"बोलतो," ती म्हणाली. "असंच. घरातलं."

चष्मेवाले पुढचा प्रश्न विचारणार होते. तो अगदी जिभेवर आला होता. या वेळी कोण लिहून घेतंय, आणि त्यात मी कसा आहे? त्यांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या आणि दुकान उघडायला निघाले.